मुदतीच्या तापाचा माग



विषमज्वर हा शब्द पुस्तकातला आहे. आपल्याकडे जुन्या माणसांच्या तोंडी त्याला मुदतीचा ताप असे नाव आहे. हा ताप आला की आपली मुदत भरल्यावाचून उतरत नसे. एकवीस दिवस घरच्यांनी रोग्याच्या उशाशी बसून काढावयाचे, आणि मुदत सरल्यावर माणूस हाती लागला तर देवाचे आभार मानावयाचे, एवढाच उपचार होता. पुढे औषध निघाले आणि मुदत हा शब्द मागे पडला. परंतु गेल्या पन्नास वर्षांत या तापाच्या जंतूने एकामागून एक औषधे निकामी केली आहेत, आणि ती जुनी मुदत परत येते की काय, अशी चिंता जगातल्या जाणत्या डॉक्टरांना लागली आहे. औषधाला दाद न देणारा हा जंतू कोठून निघाला, कोणत्या वाटेने कोणत्या देशात गेला, त्याचा माग शास्त्रज्ञांनी कसा काढला आणि त्या मागाच्या शेवटी त्यांना काय सापडले, हा आजचा विषय आहे.

मी डॉक्टर नव्हे. कामगार चळवळीत आयुष्य गेलेला माणूस आहे. परंतु रोगाचा इतिहास हा केवळ डॉक्टरांचा विषय आहे असे मला वाटत नाही. या तापाचा माग जेथे जेथे काढला गेला, तेथे तेथे तो एखाद्या स्वयंपाकिणीच्या हातापाशी, एखाद्या कारखान्याच्या पाण्यापाशी किंवा एखाद्या वस्तीच्या गटारापाशी जाऊन थांबला आहे. तेव्हा त्यावर बोलण्याचा हक्क आमच्यासारख्यांनाही पोचतो.

प्रथम जंतूची ओळख करून घेऊ. एबर्थ या जर्मन शास्त्रज्ञाने १८८० मध्ये तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, आणि १८८४ मध्ये गाफ्की याने तो प्रयोगशाळेत वाढवून दाखविला. साल्मोनेला टायफी हे त्याचे शास्त्रीय नाव. या घराण्यातले इतर पुष्कळ जंतू कोंबड्या, गुरे, डुकरे यांच्या पोटात सुखाने नांदतात. हा मात्र माणसावाचून कोठे नांदत नाही. माणसाच्या आतड्यातून विष्ठेवाटे बाहेर पडावयाचे आणि पाण्यातून वा अन्नातून दुसऱ्या माणसाच्या तोंडात शिरावयाचे, हाच त्याचा मार्ग. त्याला डासाचे वाहन लागत नाही आणि तो वाऱ्यावर उडत नाही. म्हणून या जंतूचा प्रवास म्हणजे माणसाचाच प्रवास होय. व्यापाऱ्याचा, सैनिकाचा, यात्रेकरूचा, आणि पोटासाठी गाव सोडणाऱ्या मजुराचा.

त्याचा माग काढण्याची पहिली प्रसिद्ध हकीकत न्यूयॉर्कची आहे. १९०६ च्या उन्हाळ्यात ऑयस्टर बे या समुद्रकाठच्या श्रीमंत गावी भाड्याच्या एका बंगल्यात अकरा माणसांपैकी सहा जण विषमज्वराने पडली. असा बंगला पुढे कोण भाड्याने घेणार? म्हणून शोध लावण्यासाठी जॉर्ज सोपर या आरोग्य अभियंत्याला नेमण्यात आले. सोपरने पाणी पाहिले, दूध पाहिले, संडास पाहिले. शेवटी त्याची नजर नोकरी सोडून गेलेल्या स्वयंपाकिणीवर गेली. तिचे नाव मेरी मॅलन. नोकऱ्या लावून देणाऱ्या दलालांच्या वह्या चाळून त्याने तिच्या मागच्या नोकऱ्यांची यादी काढली. आठ घरांपैकी सात घरांत ती असताना ताप शिरला होता आणि बावीस माणसे आजारी पडली होती. मेरी स्वतः ठणठणीत होती. शंभर रोग्यांपैकी दोन ते पाच जणांच्या पित्ताशयात हा जंतू कायमचे घर करतो, आणि असा माणूस आजारी न दिसता इतरांना रोग देत राहतो, ही गोष्ट तेव्हा नवी होती.

मेरीला १९०७ मध्ये पकडून एका बेटावरच्या इस्पितळात ठेवण्यात आले. पुन्हा स्वयंपाक करणार नाही या अटीवर १९१० मध्ये तिची सुटका झाली. परंतु स्वयंपाक हाच तिचा धंदा होता, आणि धुण्याच्या कामात तेवढी कमाई नव्हती. ती नाव बदलून पुन्हा चुलीपाशी उभी राहिली. १९१५ मध्ये एका प्रसूतिगृहात पंचवीस जणांना ताप आला, दोन जण दगावले, आणि मेरी सापडली. त्यानंतर १९३८ मध्ये मरेपर्यंत ती त्या बेटावरच होती. तिच्या मृत्यूच्या वेळी न्यूयॉर्क शहराच्या दप्तरी असे चारशेहून अधिक निरोगी वाहक नोंदलेले होते. त्यांतल्या कोणालाही तिच्याइतकी वर्षे कोंडून ठेवलेले नव्हते. मेरी आयर्लंडहून पोटासाठी आलेली, एकटी, तापट बाई होती. तिच्या हातून माणसे मेली, हे खरे आहे. परंतु दुसरा धंदा, दुसरा पगार न देता केवळ बंदी घातली की माणूस बंदी मोडतो, हेही तितकेच खरे आहे. सोपरचा माग अचूक होता. त्यावर समाजाने शोधलेला उपाय अपुरा होता.

मग अमेरिकेतला विषमज्वर गेला कसा? मेरीला कोंडल्याने तो गेला नाही. औषधानेही गेला नाही, कारण औषध अजून निघावयाचे होते. १९०८ मध्ये जर्सी सिटी या शहराने नळाच्या पाण्यात नियमाने क्लोरीन घालण्यास सुरुवात केली. वाळूतून पाणी गाळण्याची व्यवस्था अनेक शहरांनी याच सुमारास केली. गटारे बांधली गेली, दूध तापवून विकले जाऊ लागले. १९०० साली अमेरिकेत दर लाख वस्तीमागे विषमज्वराने सुमारे ३१ माणसे मरत. १९४० साली हा आकडा सुमारे १ वर आला होता. ही दोन वर्षे आणि हे दोन आकडे आपण लक्षात ठेवावेत अशी माझी विनंती आहे, कारण पुढची सगळी हकीकत त्यांच्याशी ताडून पाहावयाची आहे.

औषध आले ते त्यानंतर. व्हेनेझुएला देशात काराकासजवळच्या मातीत सापडलेल्या एका सूक्ष्मजीवापासून १९४७ मध्ये क्लोरॅम्फेनिकॉल हे प्रतिजैविक मिळाले. १९४८ मध्ये अमेरिकन डॉक्टर ते घेऊन मलायातील क्वालालंपूरला गेले. ते गेले होते स्क्रब टायफस या निराळ्याच तापावर त्याची परीक्षा घेण्यासाठी. त्या रोग्यांत विषमज्वराचे रोगी चुकून आले, आणि तेही भराभर बरे झाले. मुदतीच्या तापाची मुदत मोडली ती अशी, थोडी योगायोगानेच.

आपल्या देशात ते युग मोठ्या उमेदीने उजाडले. १९५४ मध्ये पुण्याजवळ पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी त्याला मदत केली, आणि १९५५ मध्ये तेथे पेनिसिलिन तयार होऊ लागले. पेनिसिलिन विषमज्वरावर चालत नाही. परंतु जीव वाचविणारे औषध हे धनिकाचे मिरविण्याचे साधन नसून जनतेचा हक्क आहे, ही भावना त्या कारखान्याने रुजविली. १९७० च्या पेटंट कायद्याने पुढे सगळीच औषधे स्वस्त करण्याचा रस्ता मोकळा केला. ही आपली कमाईच आहे, आणि तिला कोणी नावे ठेवू नयेत. परंतु त्याबरोबर एक विपरीत गोष्ट झाली. गोळी स्वस्त झाली आणि गटार महागच राहिले. ज्या कामाला अमेरिकेने नळ आणि गाळण वापरले, ते काम आपण गोळीकडून करून घेऊ लागलो.

आता मागाचे दुसरे युग पाहू. विषमज्वराचे जंतू सगळे दिसावयास सारखे. परंतु जंतूंना खाणारे विषाणू असतात, त्यांना जंतुभक्षक म्हणतात. कोणता जंतू कोणत्या भक्षकाला बळी पडतो, यावरून विषमज्वराच्या जंतूंचे प्रकार पाडण्याची युक्ती १९३८ मध्ये कॅनडात निघाली. जातीच्या दाखल्यासारखा जंतूचा दाखला मिळू लागला. लंडनच्या कॉलिनडेल भागातील प्रयोगशाळेत डॉ. ई. एस. अँडरसन हे या विद्येचे मोठे जाणकार होते.

१९६४ च्या मे महिन्यात स्कॉटलंडच्या ॲबरडीन शहरात विषमज्वराची साथ उठली. पाचशेहून अधिक माणसे इस्पितळात गेली. ॲबरडीनचे पाणी शुद्ध होते. चौकशीत असे निघाले की रोग्यांनी एकाच दुकानातून मांसाचे थंड काप नेले होते, आणि जंतू ब्रिटनमध्ये क्वचित सापडणाऱ्या चौतिसाव्या प्रकारचा होता. माग निघाला तो अर्जेंटिनातून आलेल्या खारविलेल्या गोमांसाच्या एका मोठ्या डब्यापर्यंत. असे डबे मोहोरबंद करून उकळतात आणि मग थंड पाण्यात निववितात. निवताना डबा आकसतो, आणि त्याला सुईच्या टोकाएवढे छिद्र असले तरी बाहेरचे पाणी आत ओढले जाते. रोसारिओ शहरातील कारखान्यात निवविण्यासाठी पाराना नदीचे पाणी घेत असत, आणि त्यात क्लोरीन घातलेले नव्हते. त्या नदीत शहराची गटारे सुटत. अर्जेंटिनातल्या कोणा अनोळखी माणसाच्या पोटातला जंतू असा महासागर ओलांडून स्कॉटलंडच्या दुकानात पोचला. तेथे काप करण्याच्या यंत्राच्या एकाच पात्याने तो इतर मांसालाही लागला. क्लोरॅम्फेनिकॉल हाताशी असल्यामुळे मृत्यू फार थोडे झाले. परंतु धडा स्पष्ट होता. एका देशाच्या गटाराची झळ दुसऱ्या देशाच्या जेवणाच्या टेबलाला लागते, आणि ते होण्यास कारखान्यातील एका क्लोरीनच्या खर्चात केलेली काटकसर पुरते.

याच सुमारास जपानहून एक वाईट बातमी आली होती. १९५० नंतरच्या दशकात तेथे आमांशाचे असे जंतू सापडू लागले की ज्यांना एकाच वेळी चार औषधे लागू पडत नव्हती. १९५९ मध्ये जपानी संशोधकांनी दाखविले की हा प्रतिकार एक जंतू दुसऱ्या जातीच्या जंतूला देऊ शकतो. जंतूच्या पेशीत मुख्य जनुकसंहितेखेरीज प्लाझ्मिड नावाची लहानशी सुटी कडी असते. तीत प्रतिकाराची कृती लिहिलेली असते, आणि तिची नक्कल शेजारच्या जंतूच्या हाती देता येते. एका कारखान्यातल्या कामगाराने शोधलेली युक्ती शेजारच्या कारखान्यात पोचावी तसेच हे होते. अँडरसन यांनी इंग्लंडमध्ये वासरांच्या आजारात हेच पाहिले. जनावरांना सर्रास चारलेल्या औषधांमुळे त्यांच्या पोटातले साल्मोनेला जंतू निर्ढावत होते आणि मांसावाटे माणसांत येत होते. त्यावरून नेमलेल्या स्वान समितीने १९६९ मध्ये सांगितले की माणसाच्या उपचाराची औषधे जनावरांची वाढ व्हावी म्हणून खाद्यात घालू नयेत. आपल्या देशात कोलिस्टिन हे राखीव औषध कोंबड्यांना व जनावरांना देण्यास बंदी आली ती २०१९ मध्ये. म्हणजे त्या इशाऱ्यानंतर पन्नास वर्षांनी.

जे व्हावयाचे ते १९७२ मध्ये झाले. मेक्सिकोत क्लोरॅम्फेनिकॉलला दाद न देणाऱ्या विषमज्वराची प्रचंड साथ आली; दहा हजारांहून अधिक माणसे आजारी पडली, आणि प्रवाशांबरोबर तो जंतू अमेरिकेत गेला. त्याच वर्षी केरळातील कालिकत येथेही तसाच ताप दिसला. तेथील वैद्यकीय महाविद्यालयाच्या पणिक्कर आणि विमला या संशोधकांनी त्यातील प्रतिकार एका जंतूकडून दुसऱ्याकडे जाऊ शकतो हे सिद्ध करून दाखविले. जगाने त्यानंतर दुसरी औषधे वापरली. १९८९-९० च्या सुमारास कलकत्ता, मुंबई आणि देशातील इतर अनेक भागांत क्लोरॅम्फेनिकॉल, ॲम्पिसिलिन आणि को-ट्रायमॉक्सॅझोल या तिन्ही जुन्या औषधांना न जुमानणारा जंतू फैलावला. मग सिप्रोफ्लॉक्सॅसिन आले, आणि दहा वर्षांच्या आत तेही कच खाऊ लागले. मग सेफट्रायॅक्सोनची सुई, मग अझिथ्रोमायसिनची गोळी. प्रत्येक नवे औषध जुन्यापेक्षा महाग होते, आणि प्रत्येकाचा टिकाव थोड्याच वर्षांचा ठरत होता.

तिसऱ्या युगातील माग हा सर्वांत नवलाचा आहे. २००१ मध्ये शास्त्रज्ञांनी या जंतूची संपूर्ण जनुकसंहिता वाचली. ती सुमारे अठ्ठेचाळीस लाख अक्षरांची आहे. जंतू दुभंगताना या अक्षरांची नक्कल होते, आणि क्वचित चूक होते. वर्षा-दोन वर्षांत एखादे अक्षर बदलते. ही गोष्ट आपल्याला समजावयास कठीण जाऊ नये. आपल्या पैठणच्या एकनाथमहाराजांनी १५८४ मध्ये ज्ञानेश्वरीच्या निरनिराळ्या प्रती जमवून पाठभेद तपासले आणि शुद्ध प्रत सिद्ध केली. एका नकलकाराने केलेली चूक त्याच्या प्रतीवरून केलेल्या सगळ्या प्रतींत उतरते. म्हणून चुका जुळवून पाहिल्या की कोणती पोथी कोणत्या पोथीवरून उतरली हे सांगता येते. जंतूंच्या बाबतीत हेच केले गेले. सिप्रोफ्लॉक्सॅसिनला न जुमानण्याची शक्ती तर पुष्कळदा अशा एकाच अक्षराच्या पाठभेदाने आलेली निघाली.

२०१५ मध्ये त्रेसष्ट देशांतून जमविलेल्या १,८३२ जंतूंच्या पोथ्या एकमेकींशी ताडून पाहण्यात आल्या. त्यांपैकी जवळजवळ निम्मे जंतू एकाच घराण्याचे निघाले. शास्त्रज्ञ त्याला एच-५८ म्हणतात. हे घराणे १९८० नंतरच्या दशकात दक्षिण आशियात, म्हणजे आपल्याच भागात, उदयास आले. जुन्या औषधांचा प्रतिकार त्याने आधी प्लाझ्मिडवर वाहिला, आणि पुढे काहींनी तो थेट आपल्या मुख्य संहितेत उतरवून घेतला. उसना शब्द कायमचा आपल्या भाषेत यावा तसे हे झाले. येथून तो आग्नेय आशियात आणि पूर्व आफ्रिकेत गेला, आणि आफ्रिकेत दक्षिणेकडे सरकत गेला. मलावीतील ब्लँटायर शहरात २०११ नंतर जी मोठी साथ आली, ती याच घराण्याची. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात भारत, पाकिस्तान, बांगलादेश आणि नेपाळ येथील ३,४८९ जंतूंच्या नव्या पोथ्या वाचल्या गेल्या आणि इतर देशांतील चार हजारांहून अधिक पोथ्यांशी ताडल्या गेल्या. १९९० पासून देशादेशांत असे सुमारे दोनशे प्रवास झाल्याचे त्यात दिसले. बहुतेक प्रवास दक्षिण आशियातल्या देशांतच, किंवा तेथून बाहेर झालेले होते.

येथे थोडे थांबावे लागते. असा निष्कर्ष निघाला की काही लोकांना लगेच वाटते, पाहा, रोग त्यांच्याकडून येतो. मराठवाड्याने हा अनुभव घेतला आहे. भूकंपाला वर्ष होत नाही तोच १९९४ च्या ऑगस्टमध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावी प्लेगचे रोगी आढळले, आणि सप्टेंबरमध्ये सुरतेला प्लेगचा गवगवा झाला. कित्येक देशांनी भारताची विमाने बंद केली, माल अडविला. सुरतेहून लाखो मजूर पळाले. परंतु सुरतेचा खरा इतिहास त्यानंतरचा आहे. महापालिका आयुक्त एस. आर. राव यांच्या कारकिर्दीत त्या शहराने कचरा उचलला, गटारे साफ केली, झोपडपट्ट्यांपर्यंत पाणी आणि संडास नेले, आणि घाणीसाठी बदनाम झालेले शहर देशात स्वच्छ म्हणून नावाजले गेले. बोट दाखविल्याने काही झाले नाही. झाडू आणि पाइप यांनी झाले.

दुसरे उदाहरण दिल्लीचे. औषधांचा मोठा प्रतिकार करणाऱ्या एका जनुकाला २०१० च्या सुमारास नवी दिल्लीचे नाव दिले गेले, आणि आपल्या सरकारने त्यावर हरकत घेतली. नावाविषयीची हरकत योग्यच होती. परंतु २०११ मध्ये दिल्लीतील साचलेल्या पाण्याच्या १७१ नमुन्यांपैकी ५१ मध्ये आणि नळाच्या ५० नमुन्यांपैकी २ मध्ये ते जनुक सापडले, हा भाग त्या वादात वाहून गेला. नावावरचा राग आपण नळावर काढला असता तर अधिक बरे झाले असते.

ताजी हकीकत सिंधमधील हैदराबादची. २०१६ च्या अखेरीस तेथे असा विषमज्वर उठला की सेफट्रायॅक्सोनसह पाच प्रकारची औषधे निष्फळ ठरली. गोळ्यांत एक अझिथ्रोमायसिन तेवढी उरली. कराची आणि केंब्रिजजवळच्या शास्त्रज्ञांनी पोथी वाचली तेव्हा दिसले की तो आपलाच जुना एच-५८, आणि त्याने आतड्यातल्या दुसऱ्या जंतूंत आढळणारे एक नवे प्लाझ्मिड उचलले आहे. पुढे मुंबईतील काही रोग्यांतही सेफट्रायॅक्सोनला दाद न देणारा जंतू सापडला. तो सीमा ओलांडून आला असे कोणालाही वाटले असते. परंतु त्याचे प्लाझ्मिड निराळे होते. म्हणजे तो पाकिस्तानातून आलेला नव्हता. त्याने तीच विद्या स्वतंत्रपणे मिळविली होती. माझ्या मते सगळ्या मागकामातली ही सर्वांत मोलाची गोष्ट आहे. जेथे मैला आणि पिण्याचे पाणी एकमेकांत मिसळते आणि औषधे भरमसाट खाल्ली जातात, तेथे असा जंतू बाहेरून येण्याची वाट पाहत नाही. तो जागच्या जागी घडतो.

आता आपल्या घराकडे वळू. २०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडे पडले. लातुरात पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लावावी लागली, आणि १२ एप्रिल रोजी सुमारे साडेतीनशे किलोमीटरवरच्या मिरजेहून आगगाडीने पाच लाख लिटर पाणी आले. सगळ्या देशाने ती गाडी पाहिली. परंतु तुटवड्याचा खरा धोका आगगाडीत दिसत नाही, तो जमिनीखाली असतो. नळ सतत चालू असला की पाइपात दाब असतो, आणि गळतीतून पाणी बाहेर जाते. नळ बंद झाला की दाब जातो, आणि त्याच फटीतून शेजारच्या गटाराचे पाणी आत ओढले जाते. ॲबरडीनच्या डब्यात जे झाले तेच आपल्या गल्लीत होते. शिवाय आठ दिवसांचे पाणी साठवून ठेवावे लागते, त्यात भांडे बुडते, हात बुडतो. नांदेडला गोदावरी आणि विष्णुपुरीचा जलाशय आहे. २००८ च्या गुरु-ता-गद्दी सोहळ्याच्या निमित्ताने तेथे रस्ते, पाणी, गटारे यांवर मोठा पैसा आला. देशभरातून यात्रेकरू येणार, म्हणून शहर सुधारावे लागले. मग जे पाहुण्यांसाठी करता येते ते रोज राहणाऱ्यांसाठी का करता येऊ नये, हा प्रश्न विचारला पाहिजे. लातूर तर हजारो विद्यार्थ्यांचे गाव. दहा जिल्ह्यांतली मुले खोल्या घेऊन राहतात आणि खाणावळीत जेवतात. येथली खाणावळ बिघडली तर सुट्टीत तो ताप दहा जिल्ह्यांत घरोघरी पोचतो.

औषधांविषयी बोलताना सगळा दोष मजुरावर टाकण्याची रीत आहे. तो अर्ध्या गोळ्या खातो आणि सोडून देतो, असे म्हणतात. खातो, हे खरे. कारण ताप उतरलेल्या दिवशी तो कामावर गेला नाही तर त्या दिवसाची मजुरी जाते. १९४८ च्या राज्य विमा कायद्याने कारखान्यातल्या कामगाराला आजारपणात पगाराचा भाग मिळण्याची सोय केली. क्वालालंपूरला औषधाची परीक्षा झाली तेच हे वर्ष. परंतु आमचा ऊसतोड कामगार, हमाल, बांधकाम मजूर त्या सोयीच्या बाहेरच राहिला. आणि अर्ध्या गोळ्यांपेक्षा मोठा वाटा नको त्या गोळ्यांचा आहे. साध्या पडशाला, विषाणूच्या तापाला हीच औषधे दिली जातात. ताप आला की विडालची तपासणी करावयाची आणि ती पॉझिटिव्ह आली की टायफॉइड म्हणावयाचे, ही पद्धत गावोगाव आहे. ही तपासणी विडाल या फ्रेंच डॉक्टरने १८९६ मध्ये काढली. पूर्वी कधी हा जंतू अंगात येऊन गेला असला तरी ती पॉझिटिव्ह येते, आणि कोणते औषध लागू पडेल हे ती मुळीच सांगत नाही. ते सांगते रक्ताचे कल्चर. पण त्याला यंत्रे लागतात, दिवस लागतात, आणि शिकलेला तंत्रज्ञ लागतो. २०१४ पासून सरकारने मोजकी औषधे चिठ्ठीवाचून विकण्यावर कडक नियम लावले आहेत. नियम चांगला आहे. परंतु दवाखाना लांब आणि औषधाचे दुकान जवळ असेल, तर नियम दुकानातच हरतो.

लस हा एक खरा दिलासा आहे. हैदराबादला तयार झालेली विषमज्वराची नवी लस जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केली, आणि २०१८ मध्ये नवी मुंबई महापालिकेने सार्वजनिक मोहिमेतून ती नऊ महिने ते चौदा वर्षे वयाच्या एक लाखाहून अधिक मुलांना दिली. असे करणारी ती जगातली पहिली सरकारी यंत्रणा ठरली. पाकिस्तानाने २०१९ मध्ये सिंधपासून सुरुवात करून ती मुलांच्या नेहमीच्या लसीकरणात घेतली. लस जरूर द्यावी. परंतु लस एका जंतूपासून वाचविते. शुद्ध पाणी कॉलरा, आमांश, कावीळ आणि विषमज्वर या सगळ्यांपासून एकदम वाचविते; आणि आजवर कोणत्याही जंतूने शुद्ध पाण्याविरुद्ध प्लाझ्मिड मिळविलेले नाही.

तर मग आपण काय मागावे? जुन्या टाकीपासून शेवटच्या गल्लीपर्यंत पाइप आणि गटार एकमेकांपासून दूर ठेवा. नळाच्या शेवटच्या टोकाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरतो की नाही, याची ओ.टी. टेस्ट रोज घ्या आणि तिचा निकाल वॉर्डात फळ्यावर लिहा. गावात टीसीएल पावडर आहे का, जलसुरक्षकाला मानधन वेळेवर मिळते का, ग्रामपंचायतीला लाल कार्ड मिळाले की हिरवे, हे ग्रामसभेत विचारा. जिल्हा रुग्णालयात रक्ताचे कल्चर होऊ द्या, आणि कोणती औषधे आपल्या जिल्ह्यात चालत नाहीत हे डॉक्टरांना दर वर्षी कळवा. खाणावळीतल्या आणि हॉटेलातल्या कामगाराची तपासणी करा. पण त्याच्या पोटात जंतू सापडला तर त्याला मेरीसारखे वाऱ्यावर सोडू नका. बरा होईपर्यंत त्याला पगार द्या आणि चुलीपासून दूरचे काम द्या. त्याशिवाय कोणताही कामगार स्वतःहून तपासणीला येणार नाही, हे मी युनियनच्या अनुभवावरून सांगतो.

व्हॉल्व्हमन, गटारात उतरणारा सफाई कामगार आणि टाकी धुणारा माणूस हे आपल्या आरोग्याचे पहिले डॉक्टर आहेत. १९०० ते १९४० या काळात अमेरिकेत जे काम झाले ते मुख्यतः अशाच माणसांच्या हातांनी झाले. आपल्याकडे ते कंत्राटी आहेत, आणि त्यांचे पगार थकलेले असतात. जगातल्या मोठ्या प्रयोगशाळांनी आपल्या जंतूच्या पोथ्या वाचल्या, हे त्यांचे उपकार आहेत. त्या पोथ्यांत जे लिहिले आहे ते वाचून पुढचे काम मात्र लातूरच्या आणि नांदेडच्या नगरसेवकांनी, अभियंत्यांनी आणि मतदारांनी करावयाचे आहे. येत्या पाणीपट्टीच्या आणि अंदाजपत्रकाच्या चर्चेला आपण जातीने हजर राहावे, एवढे सांगून मी आपली रजा घेतो.